धाकू मांडवकराची मिशी आणि डोहातली खडशी

धाकू मांडवकर मला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो आकाशात होता. निदान त्याचा आवाज तरी तिथूनच आला.

त्या काळी, म्हणजे १९२९च्या सुमाराला, मी खेड तालुक्यात गावोगाव फिरून पोरांना देवी टोचत असे. मार्गशीर्षातली सकाळ होती. एका हातात औषधांची पेटी, दुसऱ्या हातात कोरी छत्री, असा मी जगबुडीच्या काठाकाठाने उंबरकोंड नावाच्या वाडीकडे निघालो होतो. वाटेत एका जागी नदी काळ्या कातळाला वळसा घालते आणि तिथे मोठा डोह झाला आहे. डोहावर एक उंबर इतका वाकलेला आहे, की त्याचं काहीतरी पाण्यात पडलं आहे आणि तो ते शोधतो आहे असं वाटावं. मी त्या उंबराखाली पोचलो आणि वरून शब्द उतरले.

"सावली काढा."

उंबरात कोणाचा वास असतो हे मला आईने लहानपणीच सांगून ठेवलं होतं. देवाला कधी माझ्याशी बोलावंसं वाटलं तर पहिलं वाक्य हे असेल, अशी मात्र माझी कल्पना नव्हती. मी साष्टांग नमस्कार घालायचा बेत केला. पायांनी त्याच क्षणी पळायचा बेत केला. या मतभेदात मी कातळावरून घसरलो, पेटी करवंदीच्या जाळीत गेली आणि छत्री उघडी होऊन पाण्यात पडली. तिने डोहात एक ऐटदार गिरकी घेतली आणि ती प्रवाहाला लागली. खेड गाव मागे टाकून, दाभोळच्या खाडीतून बाहेर पडून ती पुढे अरबस्तानाला पोचली असावी. तिकडे ऊन फार असतं, तेव्हा तिचं चांगलंच झालं असेल.

मग उंबराच्या पानांतून एक मिशी खाली आली. नुसती मिशी. ती दोन्ही बाजूंनी इतकी लांब होती, की फांद्यांतून वाट काढताना तिला तिरकं व्हावं लागत होतं. बऱ्याच वेळाने तिच्यामागून एक किडकिडीत माणूस उतरला. कमरेला लंगोटी, डोक्याला फडकं, हातात चिव्याच्या बांबूची लांब काठी.

"छत्री गेली ती गेली, डाक्टर," तो म्हणाला, "पन तुमी माझी सकाळ घालवलीत."

देवी टोचणाऱ्याला आमच्या भागात डॉक्टर म्हणत, आणि तो दिसला की पोरं भाताच्या कणगीत लपवत. त्यामुळे माझ्यावर रागावून का होईना, पण समोर उभा राहणारा माणूस मला नवाच होता. मी विचारलं, झाडावर बसून काय चाललं होतं? तो म्हणाला, गरवणं. गरी लावून मासे धरण्याला कोकणात गरवणं म्हणतात हे मला ठाऊक होतं. पण ते काम पोरासोरांनी ओढ्याकाठी बसून करायचं. दाढीमिशांचा माणूस त्यासाठी झाडावर चढतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्या स्वभावात एक मोठा दोष आहे. एखादी गोष्ट कळली नाही, की तिथून माझा पाय निघत नाही. उंबरकोंडातली पोरं कणगीत वाट पाहत राहिली आणि मी धाकूच्या मागोमाग उंबरावर चढलो.

वर बसल्यावर त्याने ओठावर बोट ठेवलं आणि खाली दाखवलं. आधी मला नुसतं हिरवं पाणी दिसलं. मग त्या हिरव्यात एक काळसर ओंडका दिसला. मग ओंडक्याने शेपूट हलवली.

ती खडशी होती. नदीच्या गोड्या पाण्यातला हा मासा. अंगावर रुपयाएवढी खवलं, आणि तोंडाशी दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या मिशा. ओढ्यातल्या खडशा वीतभर असतात. ही धाकूच्या मांडीएवढी होती. धाकूच्या मांडीला फारसं मांस नव्हतं हे खरं, पण लांबी होती.

"मिशा बघितलात?" धाकू कानात कुजबुजला. "तिच्या नायतर माझ्या. दोघांतल्या एकाच्या जानार."

त्या दिवशी दुपारपर्यंत, भाकरी खाता खाता, त्याने सगळा प्रकार सांगितला.

धाकू तरुणपणी मुंबईला गिरणीत होता. चार पावसाळे काढून तो परत आला. का आलास म्हणून विचारलं तर सांगे, की मुंबईचं पाणी नळातून येतं आणि त्यात मासा नसतो. तिथून त्याने कमाई म्हणून फक्त ही मिशी आणली होती. उंबरकोंडात तेव्हापर्यंत मिशी ही गोष्ट नाकाखाली सापडते म्हणून ठेवायची एवढाच लोकांचा विचार. धाकूच्या मिशीला मात्र रोज खोबरेल लागे. त्याची बायको गोदा सांगे, की घरात तेलाचा दिवा एखाद्या दिवशी लावायचा राहील, पण मिशी कोरडी राहायची नाही.

ही मिशी वाडीचा गावकर भागोजी शिगवण याच्या डोळ्यांत खुपत असे. गावकर म्हणजे गावातला पहिला मानकरी. पालखीला पहिला खांदा त्याचा, पहिला नारळ त्याचा. मिशी मात्र त्याची अशी होती, की ती आहे हे दुसऱ्याला सांगावं लागे. आदल्या वर्षीच्या शिमग्यात वाघजाईची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या बैठकीच्या चौथऱ्यावर, येऊन बसली होती. मुंबईहून बोटीने चाकरमानी आले होते. थट्टामस्करीला ऊत आला होता. बोलता बोलता डोहातल्या खडशीची गोष्ट निघाली. दर उन्हाळ्यात गाव मिळून ओढ्यांत घेळाची फळं ठेचून टाकी. त्या विषाने मासे गुंगून वर आले की टोपल्या भरत. पण डोह इतका खोल, की तिथे विषाचं काही चालत नसे. खडशी दर वर्षी सगळ्या गावाला हसून खाली जाई.

धाकू म्हणाला, त्याला अख्खं गाव कशाला पाहिजे? एका माणसाचं आणि एका गरीचं काम आहे.

भागोजी म्हणाला, "धाकल्या, गरीत तुजी मिशीच तेवडी अडकंल."

लोक हसले. चाकरमानी जास्त हसले. धाकू उठला आणि सरळ पालखीपुढे जाऊन उभा राहिला. पुढच्या शिमग्याला ही खडशी आईच्या पुढ्यात आणीन, नाही आणली तर ह्याच सहाणेवर मिशी उतरवीन, असं तो बोलून गेला. ढोल थांबले. माणसामाणसांत बोललेला शब्द फिरवता येतो. पालखीपुढे बोललेला शब्द फिरवायची सोय कोकणात अजून निघालेली नाही.

धाकूने मिरकरवाडा बंदरातून समुद्रातल्या माशांची दणकट गरी मागवली. अंबाडीचा दोर स्वतः वळला. पाऊस संपून दसऱ्यानंतर पाणी निवळलं तसा तो रोज उंबरावर बसू लागला. पिकलं उंबर पाण्यात पडलं की खडशी वर येऊन ते गिळते, हे त्याने पाहून ठेवलं होतं. म्हणून त्याने गरीलाच उंबर लावलं. खडशीने आजूबाजूची सगळी उंबरं खाल्ली आणि गरीचं तेवढं ठेवलं. त्याने गरी पिठाच्या गोळ्यात लपवली. खडशी जवळ आली, तिने मिशांनी गोळा चाचपला, आणि सोनार खोटं नाणं परत करतो तशी ती मागे सरली.

"तिला मिशीनं कळतं?" मी विचारलं.

"सगळं मिशीनंच कळतं," धाकू म्हणाला आणि त्याने स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला.

त्याने मला तिच्याबद्दल आणखी पुष्कळ सांगितलं. पाण्यावर सावली पडली की ती बुडते आणि घटकाभर येत नाही. भांडी घासताना राख पाण्यात आली तर डोहाच्या पलीकडच्या कपारीत जाऊन बसते. ऊन कातळावरच्या शेवाळाला लागलं की तिची फेरी सुरू होते, उंबराखालून निघून धबधब्यापर्यंत आणि परत. या सगळ्याचं मला इतकं नवल वाटलं, की त्या दिवशी मी एकाही पोराला सुई लावली नाही. उंबरकोंडात माझ्याबद्दल तेव्हापासूनच चांगलं मत झालं.

निघताना धाकूने त्याची नवी युक्ती सांगितली. खडशीला परका हात कळतो. तेव्हा हात परकाच ठेवायचा नाही. शिमगा यायला अजून अवकाश होता. तोवर रोज ठराविक वेळी नुसता चारा घालायचा, गरीशिवाय. भाताची मूद, भाजलेले चणे, उंबरं. ती बिनधास्त खायला लागली, की एक दिवस गरी.

मला ती युक्ती उत्तम वाटली. पुढे काय होणार हे मला कळायला हवं होतं, पण तेव्हा मी छत्रीच्या विचारात होतो.

माघात मी शेजारच्या वाड्यांत टोचलेल्या पोरांचे फोड तपासायला पुन्हा त्या बाजूला गेलो, तेव्हा वाडीच्या आधी डोह गाठला. धाकू झाडावर नव्हता. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि खडशी त्याच्या पायांभोवती फिरत होती. त्याने पाण्यात बोटं हलवली की ती वर येई, हातातला भात उचले, आणि मिशा त्याच्या तळव्याला घासून जाई. धाकूला गुदगुल्या होत. काठावर गोदा कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने मला विचारलं, की डाक्टर, माणसाला मासा लागतो तशी माशाला माणसं लागतात काय? तिच्या म्हणण्याप्रमाणे घरात आधी खडशीची मूद बाजूला निघे, मग धाकूच्या म्हाताऱ्या बापाचं पान वाढलं जाई. बापाने एकदा विचारलं, ही मूद कोणाची? धाकू म्हणाला, पाहुण्याची.

पण ती रागावलेली दिसली तरी तिचा एक हात पदराआड होता. तिने तो बाहेर काढला तेव्हा त्यात गूळ घातलेला भात होता.

आता हे असंच किती दिवस चालणार, असं मी धाकूला विचारलं. तो म्हणाला, उद्याच. उद्या एका हातात साधा भात, दुसऱ्या हातात गरी घातलेला.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला नंतर कळलं. तो दिवस सोमवार. वाघजाईच्या देवळात जाणाऱ्या बायका डोहाच्या वाटेने आल्या, आणि त्यांनी पाहिलं ते असं: पाण्यात हात जोडल्यासारखा उभा असलेला धाकू, आणि त्याच्या हातातून प्रसाद खाणारी खडशी. नदीतला मासा माणसाच्या हातचं खातो, हे त्या वाडीत कोणी ऐकलं नव्हतं. धाकूने दोन महिने घातलेला चारा त्याच्या घरच्यांशिवाय वाडीत कोणी पाहिला नव्हता. तो कोणी बघू नये म्हणून धाकूनेच काळजी घेतली होती. एका म्हातारीने काठावरूनच पाण्याला कुंकू वाहिलं. दुसरीने नारळ ठेवला. संध्याकाळी सखाराम गुरवाने देवळात कौल लावला. देवीच्या मूर्तीला डावी-उजवीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि कोणती आधी पडते ते पाहायचं; उजवी म्हणजे होकार. उजवी पडली. खडशी आईची ठरली. त्या डोहात गरी, जाळं, विष, सगळं बंद झालं.

ही बातमी घेऊन धाकू खेडला माझ्याकडे आला. त्याने मिशीला तेल लावलं नव्हतं, यावरूनच मी ओळखलं की काहीतरी घडलं आहे. शब्द आईपुढे दिला होता, आणि मासा आईनेच काढून घेतला होता. आता शिमग्याला तो कोणाला काय सांगणार?

मी त्याला एकच विचारलं, कारण तेच मला कळत नव्हतं. बायका यायच्या आधी तो चांगला तासभर पाण्यात होता. दोन हातांत दोन मुदी होत्या. मग गरीची मूद पुढे केली का नाही?

धाकूने माझी औषधाची एक बाटली उचलून उजेडात धरली.

"ती उजव्या बाजूनं आली," तो म्हणाला. "गरी डाव्या हातात व्हती."

"मग डावा हात पुढे करायचा."

"तिनं उजव्याकडं बघितलान, डाक्टर."

मी त्याला खोकल्याचं औषध दिलं. त्याला खोकला नव्हता, पण रिकाम्या हाताने माणसाला परत पाठवणं बरं दिसेना.

शिमग्याला मी रजा काढून गेलो. मिशीचं काय होतं हे पाहिल्याशिवाय मला चैनच पडलं नसतं. सहाणेवर पालखी सजली होती, देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, उन्हात चकाकत होती. चाकरमानी आले होते. आणि सहाणेच्या पायरीशी भागोजी गावकराने खेडहून बोलावून आणलेला न्हावी वस्तरा चामड्यावर परजत बसला होता. गोदा बायकांत उभी होती. तिने घरातलं खोबरेल वाटीत घालून आणलं होतं. मिशी जाणार असेल तर कोरडी जायला नको, असं तिचं म्हणणं.

भागोजीने घसा साफ केला आणि शब्दाची आठवण करून दिली. त्याचं म्हणणं कोणाला खोटं म्हणता येत नव्हतं. धाकू पुढे झाला, बसला, आणि त्याने डोक्याचं फडकं सोडलं. न्हाव्याने वाटीतलं पाणी बोटाने त्याच्या ओठाला लावलं.

तेवढ्यात सखाराम गुरव म्हणाला, थांबा. हा आपला माणूस फार सावकाश बोले. घरी आग लागली तरी तो आधी गाऱ्हाणं घालील, असं त्याच्याबद्दल म्हणत. त्याने विचारलं, की शिमग्यात पालखी गावातल्या प्रत्येक घरी जाते की नाही? सगळे म्हणाले, जाते. खडशी आईची म्हणजे गावातली ठरली की नाही? लोक जरा थांबून म्हणाले, ठरली. मग तिचं घर पालखीने का चुकवायचं?

भागोजी म्हणाला, शब्द खडशीला इथे आणायचा होता. गुरवाने पुन्हा कौल लावला. पालखीपुढेच, भर उन्हात. पाकळ्या लवकर सुकल्या आणि पडेनात. सगळी वाडी मान वर करून फुलाच्या दोन पाकळ्यांकडे पाहत होती, आणि न्हावी वस्तऱ्यावर बसलेली माशी उडवत होता. शेवटी उजवी पडली. आई डोहावर जाईल. खडशी तिच्या पुढ्यात आली तर शब्द पुरा झाला. नाही आली तर वस्तरा आहेच.

न्हावीही मिरवणुकीत चालू लागला.

पालखी डोहाच्या कातळावर टेकवली. ढोल जोरात, ताशा त्याहून जोरात. धाकू भाताची मूद घेऊन पाण्यात उतरला आणि त्याने बोटं हलवली. पाणी हललं, आणखी काही हललं नाही. त्याने ढोल थांबवायची खूण केली. शिमग्यात ढोल थांबवणं म्हणजे लग्नात अक्षता परत मागण्यासारखं, पण ते थांबले. तरी खडशी आली नाही. भागोजीच्या चेहऱ्यावर मिशी नसलेला आनंद पसरू लागला.

धाकूने वळून काठाकडे पाहिलं. सगळं गाव कातळाच्या कडेला उभं होतं, दुपार कलली होती.

"सावली काढा," तो म्हणाला.

मी सर्वांत आधी मागे सरलो. मला अनुभव होता. मग सगळे चार पावलं मागे झाले आणि खाली बसले. पाण्यावर एकच सावली उरली. ती पालखीची होती. आता देवीला सावली काढ म्हणून कोण सांगणार? धाकूने गुरवाकडे पाहिलं, गुरवाने भागोजीकडे. पालखीचा पहिला खांदा त्याचा, त्याने उचलल्याशिवाय ती हलवता येत नव्हती. भागोजी बसून राहिला असता तर कोणी त्याला काही म्हणू शकलं नसतं.

तो उठला. मला वाटतं, खडशी येते की नाही हे त्यालाही बघायचंच होतं. त्याने दांडा खांद्यावर घेतला आणि पालखी मागे गेली.

आधी उंबराखालचं पाणी काळं झालं. मग ते काळं पुढे सरकलं. खडशी धाकूपाशी आली, तिने त्याच्या पायांना एक फेरी घातली आणि वर येऊन उजव्या हातातला भात उचलला. मग गोदा पुढे झाली. गावातल्या प्रत्येक घरी पालखी आली की घरची बाई देवीची ओटी भरते. त्या घरची बाई कोण हा प्रश्न कोणाच्या डोक्यात येण्याआधीच तिने देवीची ओटी भरून टाकली. वाटीतलं खोबरेल तिने तिथेच धाकूच्या हातावर ओतलं, आणि धाकूने ते भर डोहात उभं राहून मिशीला लावलं.

भागोजी नंतर कित्येक दिवस सांगत होता, की खडशीच्या मिशा धाकूपेक्षा चांगल्या आहेत. त्याचं समाधान तेवढ्यावर झालं. न्हाव्याला रिकामा कसा पाठवायचा म्हणून सखाराम गुरवाने त्याच्याकडून स्वतःची दाढी करून घेतली.

त्यानंतर मी त्या बाजूला गेलो, की खिशात चणे घेऊन जात असे. वाडीतली पोरंही आता लपत नसत. टोचून घेतलं की डॉक्टर डोहावर नेऊन चणे टाकू देतात, असं त्यांच्यात पसरलं होतं. धाकू उंबराच्या बुंध्याला टेकून बसलेला असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कुठे उभं राहायचं ते सांगे. लांबच्या गावचे लोक त्याला पुजारी समजून पाया पडत, तेव्हा तो मिशीवर हात ठेवून आशीर्वाद देई.

१९३४च्या पावसाळ्यात धाकूच्या वरच्या ओठावर नायटा उठला. मलम लागू पडेना, म्हणून मीच त्याला मिशी काढायला सांगितली. ती त्याने खेडच्या बाजारात काढून घेतली आणि परत ठेवली नाही. "दोघांतल्या एकाच्या जानारच व्हत्या," एवढंच तो म्हणाला.